शनिवारी सहाला येणार होतो

आधी माझी माहिती देऊन टाकतो, म्हणजे प्रतिसादात कुणी ‘काय फुंकली होती?’ असं विचारायला नको. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मूळचा वाशीमचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. फोरमवरचे असे अमानवीय अनुभवांचे धागे मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, पण निव्वळ खिल्ली उडवायला. कुणाच्या मावसभावाला चिंचेखाली बाई दिसली रे दिसली, की खाली माझा प्रतिसाद ठरलेला - ‘चष्म्याचा नंबर किती?’ त्या सगळ्या मावसभावांची आज जाहीर माफी मागतो. मला बाईबिई काही दिसलेली नाही... मला काहीच दिसलं नाही, खरं तर तोच प्रॉब्लेम आहे.

मी कर्वेनगरला राहायचो तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसातला हिंजवडीची कंपनीची बस, परत यायला अंधार. रूम पार्टनर कंपनीच्या कामाला परदेशी, ऑनसाइट गेला होता, त्याची गादी सहा महिने गुंडाळून भिंतीला टेकवलेली. आई गेल्यापासून घरचा फोन महिन्यातून एकदा, तोही दादाचा. “बरा आहेस ना बे? मंग ठेवतो.” झालं. कधीकधी सोमवारी बसच्या ड्रायव्हरला गुड मॉर्निंग म्हणताना लक्षात यायचं, की शुक्रवारनंतर आपण पहिल्यांदाच तोंड उघडतोय. एकटा होतो, हे स्वच्छ सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अशा माणसाला फोरम म्हणजे घर. तिथे एका मुलीने धागा काढला - ‘माझे काका बारा वर्षांपूर्वी हरवले.’ काका पिंपरीच्या एका कारखान्यात होते. व्हीआरएसच्या लाटेत घरी बसले आणि हौस म्हणून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला लागले. एका शनिवारी दुपारी कर्वेनगरहून बुधवार पेठेत गेले, तपकीर गल्लीतून शेजाऱ्यांच्या रेडिओसाठी व्हॉल्यूम कंट्रोल घेतला आणि चालत घरी निघाले. भिडे पुलाजवळच्या रसवंतीवाल्याने त्यांना नदीपात्रातल्या रस्त्याला लागताना पाहिलं. त्यानंतर कुणीच नाही. उन्हाळा होता, नदीत घोटाभर पाणी. बुडायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

मग काय, आम्ही सगळे तुटून पडलो. एकाने त्यांना हिमालयात पाठवलं, एकाने दुबईला. मी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि ‘दुसरी बाई’ ही थिअरी मांडली. चांगले अकरा प्रतिसाद लिहिले त्यावर. लोकांनी वाहवा केली. मला त्या आठवड्यात ऑफिसात कुणी ‘जेवलास का’ म्हणून विचारलं नव्हतं, पण इथे अनोळखी माणसं ‘तुमचं विश्लेषण वाचायला थांबलोय’ म्हणत होती. नशा चढते हो त्याची.

मग त्या मुलीचा व्यनि, म्हणजे खासगी निरोप आला. ‘काकूला तुम्हाला भेटायचंय. तीही कर्वेनगरलाच राहते.’

गेलो. दुसरा मजला, दारावर काकांच्या नावाची पाटी. काकूंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, “चपला बाहेर. तिथे नको, कडेला.” दुसरं वाक्य, “चहा घेत नसाल तर आत्ताच सांगा, मग टाकत नाही.” मी घेतो म्हणालो. टीपॉयवर माझ्या अकराही प्रतिसादांचे प्रिंटआउट. पुतणीने पाठवले होते.

“तुम्ही लिहिलंयत, दुसरी बाई असणार.”

“ती फक्त एक शक्यता...”

“ह्यांना एक झेपत नव्हती. शेजारणीशी बोलायचं तर आधी मला पाठवायचे.” त्यांनी कप पुढे सरकवला. “तरी लिहिता मात्र छान.”

त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण काकूंनी विषय तिथेच संपवला आणि कामाचं बोलल्या. पुढच्या महिन्यात बारा वर्षं पुरी होत होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग माणूस गेला असं धरतात. धाकट्या दिरांनी गुरुजी ठरवले होते. विधी झाला की काकूंनी हा फ्लॅट बंद करून नाशिकला त्यांच्याकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं.

“माझी ना नाही,” काकू म्हणाल्या. “थकले मी वाट बघून. सहा वाजले की अजून कान दाराकडे जातात. बारा वर्षं झाली, काय करायचं ह्या कानांचं? एकदा अग्नी दिला की सुटेन. फक्त त्याआधी कुणीतरी एकदा नीट बघावं. पोलिसांनी बघितलं, पण ते आपलं रजिस्टरपुरतं.”

आता टेस्टर लोकांची एक सवय सांगतो. बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, सापडला की आमचं पहिलं काम तो पुन्हा घडवून बघायचं. त्याच पायऱ्या, त्याच क्रमाने, परिस्थितीही तीच... ‘स्टेप्स टू रिप्रोड्यूस’. हे न करता नुसत्या थिअऱ्या मांडणाऱ्याला आमच्यात कुणी विचारत नाही, आणि मी अकरा प्रतिसाद तेच करत होतो. म्हणून काकूंना म्हटलं, मी येत्या शनिवारी काकांच्याच वेळेला, काकांच्याच वाटेने चालून बघतो. कुठे वाट फुटते, कुठे माणूस नजरेआड होतो, ते तरी कळेल.

काकूंनी सगळं सांगितलं. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कापडी पिशवी. साडेचारला दुकान. केळकर रस्त्याने भिडे पूल, पलीकडे उतरून नदीपात्रातला रस्ता, म्हात्रे पूल, डीपी रोड, घर. “आणि जाताना म्हणाले होते, सहाला येतो.”

“मग मीही सहालाच येतो,” मी म्हणालो आणि माझा मोबाईल नंबर लिहून दिला.

शनिवारी दुपारी दाढी-अंघोळ करून निघालो. काकांकडे मोबाईल नव्हता, म्हणून माझा बंद करून खिशात टाकला. कुणाला सांगितलं नाही - एक तर सांगायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी काकांनीही काकूंशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. परिस्थिती तंतोतंत जुळवली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. डायरीत एकेक पायरी वेळेसकट लिहीत गेलो.

४.३० दुकान. व्हॉल्यूम कंट्रोल घेतला. ४.५२ भिडे पूल. रसवंती आता नाही, तिथे वडापाव. ४.५५ नदीपात्रात उतरलो. ५.१५ म्हात्रे पूल.

एवढंच. माझ्या लाडक्या वाचकांनो, त्या वीस मिनिटांत काय झालं ते शंभर वेळा आठवून पाहिलंय. एक म्हैस होती. क्रिकेट खेळणारी पोरं होती. ऊन डोळ्यावर येत होतं. मधे एका जागी पुलावरच्या गाड्यांचा आवाज अजिबात येत नव्हता आणि मला वाटलं, वा, पुण्यात शांतता! बस. अंगावर काटा नाही, वास नाही, हाक नाही. वाट कुठे फुटत नव्हती, माणूस लपावा अशी जागा नव्हती. काकूंना सांगण्यासारखं काही हाती लागलं नाही, म्हणून मी जरा खट्टूच होतो.

५.५८ ला त्यांच्या दाराची बेल वाजवली. म्हटलं, दोन मिनिटं आधीच आलो.

काकूंनी दार उघडलं आणि मला बघून दाराची चौकट धरून तशाच खाली बसल्या.

मी पाणी आणलं. ते त्यांनी घोट-घोट संपवलं. मग म्हणाल्या, “कुठे होतात?”

“कुठे म्हणजे? तिथूनच येतोय. सहाला येतो म्हणालो होतो ना...”

“शनिवारी सहाला. आज सोमवार आहे.”

मला वाटलं, वयामुळे गोंधळ होतोय. मी मनगटावरचं डिजिटल घड्याळ दाखवलं. त्यात वार दिसायचा. शनिवार. काकूंनी टीपॉयवरचा पेपर पुढे केला. सोमवारचा होता. मी गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. आमच्या कंपनीची पहिल्या पाळीची बस कोपऱ्यावर माणसं उतरवत होती. शनिवारी आमच्या बस नसतात.

गालावरून हात फिरवला. दुपारची दाढी, तशीच गुळगुळीत.

मोबाईल चालू केला. टुकटुक करत मिस्ड कॉलचे मेसेज यायला लागले. अकरा. दोन दिवस मी या जगात नव्हतो आणि अकरा वेळा कुणीतरी मला शोधलं होतं. ऑफिस असेल, टीम लीड असेल, दादा असेल... सगळे उघडून पाहिले. अकराही एकाच लँडलाइनवरून. नंबर ओळखीचा वाटला. काकूंच्या फोनवर चिकटवलेला होता तोच.

“रविवारी चौकीत जाऊन आले,” काकू म्हणाल्या. “हवालदार म्हणाले, तुमचे कोण? म्हटलं, कोणी नाही. पण सहाला येणार होते. तर म्हणतात, मग येतील. फोटो आहे का विचारलं. कुठला फोटो? म्हटलं चष्मा आहे, उंच आहेत आणि बोलताना ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असं म्हणतात. तेवढं लिहून घ्या. लिहून घेईपर्यंत उठले नाही.”

मला रडू आलं. पस्तिशीला आलेला माणूस, परक्या बाईच्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडलो. काकूंनी रडू दिलं, पाणी आणून दिलं. मग जे जसं झालं तसं सगळं त्यांना सांगितलं. डायरी दाखवली, घड्याळ दाखवलं. त्यांनी ते घड्याळ हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

“म्हणजे तुमच्या मते तुम्ही तासाभरात आलात.”

“हो.”

“मधे भूक? तहान?”

“काहीच नाही.”

 मग काकू अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, “ह्यांच्या घड्याळात आत्ता किती वाजले असतील हो?”



मंगळवारी ऑफिसला गेलो. हजेरीच्या मशीनमध्ये सोमवारी माझं कार्ड लागलेलं नव्हतं. लीड म्हणाला, “अरे, तू लीव्हवर होतास ना?” मी हो म्हणालो. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं, ताणामुळे माणूस दोन-दोन दिवस भटकतो आणि विसरून जातो. मी विचारलं, बरोबर घड्याळही विसरतं का? आणि दाढी? ते हसले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर तीनदा त्याच वाटेने चाललो, तशाच पायऱ्या, तशाच वेळा. दर वेळी त्याच दिवशी, सहाच्या आत घरी. आमच्या भाषेत ‘नॉट रिप्रोड्युसिबल’, म्हणजे पुन्हा घडवता न येणारा. असा शेरा मारला की बग बंद करतात. हा मला अजून बंद करता आलेला नाही, आणि माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. चष्म्याचा नंबर विचारलात तरी चालेल.

पण मी हे लिहायला बसलो ते त्यासाठी नाही.

पुढच्या महिन्यातला विधी झाला नाही. काकूंनी गुरुजींना फोन करून नको म्हणून सांगितलं. नाशिकहून दिरांचा मला फोन आला. भला माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला. “अहो, तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांचा टाइमपास होतो. इथे माझ्या वहिनीने बारा वर्षं काढलीत. आता कुठे उठायला तयार झाली होती, तुम्ही तिला परत बसवलीत.”  

मी आता धायरीला राहतो. लग्न झालंय, मुलगी आहे. महिन्यातून एकदा काकूंकडे जातो. त्या अजून त्याच फ्लॅटमध्ये आहेत, गुडघे गेलेत, तरी शनिवारी दुपारनंतर कुठेही जात नाहीत. नाशिकचं नाव काढलं की म्हणतात, “आणि हे आले तर? त्यांना वाटेल, तासाभरात कुठे गेली ही.”

त्या सोमवारी मी खोटं बोलू शकलो असतो. ‘काकू, ताप आला होता, फोन बंद पडला, माफ करा’ - एवढं पुरलं असतं. घड्याळ खिशात टाकलं असतं. त्या मला चार शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या, पुढच्या महिन्यात पानं जळली असती आणि त्या सुटल्या असत्या. मला हे सुचलं नाही असं नाही... पाणी पीत होतो तेव्हाच सुचलं होतं. पण कुणीतरी माझ्यासाठी चौकीत जाऊन बसलं होतं, माझं वर्णन लिहून घेईपर्यंत उठलं नव्हतं. त्या माणसाशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.