बठ्ठं ठीक शे

त्या दिवशीही सकाळी फोनवर निरोप आला, 'बठ्ठं ठीक शे.' जळगावला नानाच्या घरून रोज येतो तसाच. सगळं ठीक आहे. मी धुळ्याला माझ्या ओट्यापाशी उभी होते. निरोप वाचला, निर्धास्त मनाने चहा टाकला, आणि तो गाळायच्या आत फोन वाजला. माझा भाचा निखिल बोलत होता. "आत्या, बाबा गेले..." मी त्याला चक्क म्हणाले, "अरे, आत्ताच तर निरोप आला!" यंत्राची काही चूक नव्हती. जळगावच्या स्वयंपाकघरात सकाळी दिवा लागला की धुळ्याला कळवायचं, एवढंच नानाने त्याला शिकवलं होतं. आणि दिवा लागला होता. नानाला रात्री दवाखान्यात नेलं होतं, तिथून वहिनी घरी आली होती आणि तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाणी तापत ठेवलं होतं.

नाना माझा थोरला भाऊ. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाला आणि मग खऱ्या अर्थाने कामाला लागला. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, त्यांत फुकटचं आणि उघडून बघता येईल असं सॉफ्टवेअर घालायचं आणि ते पुन्हा चालते करायचे. घरभर वायरी. वहिनी बोदवडची, तोंडाने फटकळ, पाहुण्यांना सांगायची, "घरात देव कमी न् डबे जास्त." नानाची मतं मात्र पक्की होती आणि ती समोरच्याने विचारण्याची तो वाट बघत नसे. भिंतीतून वायर नेता येत असेल तर वायफायच्या नादी लागू नये. घरातलं नेटवर्क दिवाणखान्यात तपासू नये. सगळ्यात कोपऱ्यातल्या खोलीत, सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या खाटेजवळ जाऊन तपासावं, तिथे चाललं तर चाललं. आणि घरातली गोष्ट घरातल्याच कॉम्प्युटरवर राहावी. "आपण दिवा केव्हा लावला हे सातासमुद्रापलीकडच्या कंपनीला काय सांगायचं?" असं तो विचारायचा.

माझे यजमान गेले त्या वर्षी त्याने मला विचारलं नाही, सवरलं नाही. एका संध्याकाळी दारात सायकल उभी. जळगावहून धुळ्याला सायकलने! वाटेत पारोळ्याला मुक्काम करून आला होता. कॅरिअरला वायरचं भेंडोळं आणि हँडलला शेवेची पिशवी. मी आधी रागावले, मग पाणी दिलं. सायकलच्या बाबतीतही त्याचं मत होतंच. वाटेत कुणी हाक मारली तर उतरता आलं पाहिजे, इतपतच वेग ठेवायचा. त्या प्रवासात त्याने एरंडोलच्या अलीकडे कुणाच्या तरी मळ्यात भरीत-पुरी खाल्ली होती आणि त्यांचा बंद पडलेला राउटरही सुरू करून दिला होता. गिअरची सायकल निखिलने हौसेने घेऊन दिली होती. तिचे गिअर नानाने कधी बदलल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणामागे एक डबी बसवली. सकाळी माझा दिवा लागला की जळगावला त्याच्या फोनवर घंटी वाजणार. मी म्हटलं, "नाना, पाळत ठेवतोस का माझ्यावर?" घरात आम्ही अहिराणीच बोलायचो, तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "तू चहा करस का नही, इतलंच देखस मी." आणि लगेच पुढे म्हणाला की त्याच्या घरीही अशीच डबी बसलेली आहे, आणि तिचा निरोप मला येत जाईल. दुसऱ्याच्या घरात बघायचं तर आपलंही दार उघडं हवं, हा त्याचा नियम. निरोप कोणत्या शब्दांत यावा हे विचारल्यावर मी आईचे शब्द सांगितले. आई कुणीही खुशाली विचारली की तेच म्हणायची.

एकदा या डबीने माझी चांगलीच फजिती केली. मी चुलत पुतण्याच्या लग्नाला चाळीसगावला गेले आणि नानाला सांगायची राहिले. सकाळी दिवा लागला नाही. नानाने फोन केला तर माझा फोन पर्सच्या तळाशी, आणि वर बँड चाललेला. झालं! त्याने शेजारच्या पाटीलभाऊंना फोन करून माझ्या दाराची आपोआप लागणारी कडी तोडायला लावली, कारण मी आत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. परत आले तर दार सताड उघडं आणि गल्ली गोळा. मी नानाला फोनवर खूप बोलले. तो शांतपणे म्हणाला, "लगनले जावाना पहिले सांगाले काय व्हयनं तुले? माझं सॉफ्टवेअर बरोबर चाललं." नवी कडी मात्र तो स्वतः घेऊन आला, सायकलवरच.

तो गेल्यावर मला दुःखाच्या बरोबरीने भीती वाटली, हे सांगून टाकते. उद्या मी उठलेच नाही तर कुणाला कळणार? तेराव्यानंतर निखिल घरभर फिरून वायरी बघत होता. हे सगळं काढून टाकू, घर बंद करू, आई पुण्याला येईल, असं तो म्हणत होता. त्याचंही खोटं नव्हतं. मी धुळ्याला परतले. रोजचा निरोप येत राहिला. वहिनी अजून घरात आहे, चहा करते आहे, एवढं त्यातून कळायचं. माझ्या दिव्याची घंटी मात्र आता नानाच्या बंद फोनवर वाया जात असणार, अशी माझी समजूत होती.

मागच्या आठवड्यात मला ताप भरला. सकाळी डोळे उघडवेनात, पडून राहिले. ऊन खिडकीत आलं आणि फोन वाजायला लागला. नाव दिसलं, 'नाना'. मी तो उचलला.

"काहून वो शैलाताई, आज लाइट नाही लावला?" वहिनीचा आवाज. "पाटीलभाऊंना कडी तोडायला सांगू का?"

वहिनी बोलत राहिली. नानाचा फोन ती रोज चार्ज करते, देवाजवळ ठेवते. वायरींना हात लावायचा नाही असं निखिलला तिने तेव्हाच बजावलं होतं. "पुण्याला कोण जातं? मला इथं रोज सकाळी तुमची घंटी ऐकायची असते," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवा आधी. मग बोलू."

आता बरी आहे. उन्हाळ्यामुळे सकाळीच ओट्यावर लख्ख उजेड असतो, दिव्याची काही गरज नसते. तरी मी उठल्याबरोबर बटण दाबते. थोड्या वेळाने फोनवर अक्षरं उमटतात, 'बठ्ठं ठीक शे.' दिवा वहिनीने लावलेला असतो, उजेडातच. मी मोठ्याने "हो नाना, शे," म्हणते आणि चहाचं आधण ठेवते.