गळ बांधायचं यंत्र

खिडकीतून खाडीचा धक्का दिसतो. बाबा तिथे गळ बांधत बसलेत. नजर अधू झाल्यापासून ते त्यासाठी मला हाक मारायचे. मी गळाला नायलॉनचा दोरा ओवून गाठ मारायची, त्यांनी ती थुंकीने ओली करायची, मग दोघांनी दोन्हीकडून ताणून बघायची. दर रविवारचा कंटाळा आला, म्हणून मी गाठ मारायचं छोटं हातयंत्रच आणून दिलं. "बरं झालं, आता तुझा खोळंबा नको," ते म्हणाले.

यंत्राने आत्ता झटक्यात गाठ मारली. बाबांनी ती ओली केली आणि सवयीने दोऱ्याचं टोक शेजारी पुढे केलं. शेजारी कुणीच नव्हतं. आपली सुटका आपण किती प्रेमाने भेट म्हणून देतो!

बाबांनी ते टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं आणि एकट्यानेच ताणून बघितलं.