उत्तर आल्याशिवाय कापायचं नाही

ग्यानबादाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुदखेडला माझ्या वखारीत बाभळीचे ओंडके उतरवून घेत होतो. फोन भाच्याचा, संतोषचा. "मामा, बाबा गेले," एवढंच म्हणाला. गाडी निघाली म्हणून कळवावं तसं कळवलं. आदल्या संध्याकाळीच मी चाकूरला त्यांच्या उशापासून उठून आलो होतो, त्यामुळं धक्का असा बसला नाही. पण ओंडक्यावर बसलो तो बसलोच... गडी गाडी रिकामी करून गेले तरी मला पत्ता नव्हता. आता महिना उलटून गेलाय. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायचा रिवाज आहे. तो पाळायचा तर दाजींवर चार ओळींच्या पुढं मजकूर सरकायचा नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धंदा उंच झाडं उतरवण्याचा. घरावर झुकलेली निलगिरी म्हणा, जुन्या बंगल्यांच्या आवारातली सुरूसारखी सरळसोट सूचीपर्णी झाडं म्हणा, जी कुणी तोडायला धजत नसे ती दाजींच्या वाट्याला यायची आणि लाकूड माझ्या वखारीत. अशी झाडं बुडातून आडवी करता येत नाहीत, शेजारच्याच्या पत्र्यावर जातात. एकानं कटर मशीन घेऊन वर चढायचं, शेंड्यापासून तुकडे करत खाली यायचं. प्रत्येक तुकड्याला आधी दोर बांधायचा. तो दोर कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला वेढे देऊन खालचा माणूस तो धरून ठेवतो. तुकडा सुटला की खालच्यानं सांभाळून जमिनीवर टेकवायचा. या कामात दाजींचा हात कुणी धरत नव्हतं. त्यांच्या दोराखालची एक कुंडी कधी फुटली नाही. माणसं मात्र बरीच फुटली.

त्यांचा एक नियम होता. शेवटचा काप द्यायच्या आधी वरच्यानं ओरडायचं, "हाय का?" आणि दोर ज्याच्या हातात त्यानंच उत्तर द्यायचं, "हाव, सोड!" उत्तर आल्याशिवाय मशीन पुढं ढकलायचं नाही. मध्ये दुसऱ्या कुणी तोंड घातलं तर दाजी आईबहिणीवरून उद्धार करत. नियम चांगलाच होता, त्यानं आम्ही सगळे धडधाकट राहिलो. त्याच नियमानं पोरगं तोडलं, ती गोष्ट उदगीरची.

उदगीरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यात ख्रिसमसचं झाड होतं. गावात कुठूनही शेंडा दिसायचा. सरळ इतकं की मान दुखेपर्यंत वर बघावं. संतोष तेव्हा बापाच्या हाताखाली तयार झालेला, लग्नाला आलेला गडी. कंबरेला नुसता दोर गुंडाळून चढायची आमची रीत त्याला पटत नव्हती. हैदराबादला जाऊन त्यानं कड्यांचा, हुकांचा पट्टा आणला. सकाळी तो बांधून आला तसे दाजी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "करदोडा बांधून आलाय का रं बाळ्या? आईनं काजळ नाय लावलं?" गडी हसले. डॉक्टरही हसले. संतोष म्हणाला, "तुम्हाला जिवाची किंमत न्हाई बाबा, मला हाय." आणि चढला.

बापाला उलटं बोललेलं दाजींनी गिळलं असं मला वाटलं. मी मूर्ख.

शेंड्याला दोर बांधून झाला, मशीन निम्म्यापर्यंत गेलं, थांबलं. वरून आवाज आला, "हाय का?" खाली दोर दाजींच्या हातात. त्यांनी बुंध्याला आणखी एक वेढा दिला, दोराचं टोक बुटाखाली दाबलं, खिशातून डबी काढली आणि तंबाखू मळायला लागले. "बाबा, हाय का?" ... दाजी चुना लावतायत. वारा सुटला होता. अर्धा कापलेला शेंडा हलायला लागला, लाकूड कुरकुरायला लागलं. वर त्या शेंड्याला लागून आमचं पोरगं. मी पुढं झालो तर दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "दत्ता, तू बोलू नको. दोर माझ्या हातात हाय. तोंड उघडलंस की पाय उचलला म्हून समज." गंमत करत नव्हते. मग वर तोंड करून ओरडले, "तो करदोडा खाली टाक. मग बोलतो."

संतोषनं बरीच हुज्जत घातली. शिव्या दिल्या, मग गयावया केली. "चुकलं बाबा" असंही म्हणाला. मोठ्या पोराचा तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायची इच्छा नाही. शेवटी पट्टा खाली आला, कड्या फरशीवर खणखणल्या. दाजींनी पिंक टाकली आणि म्हणाले, "हाव, सोड!" एका हातानं खोड कवटाळून, दुसऱ्या हातानं मशीन धरून पोरानं काप पुरा केला. शेंडा हळूच खाली टेकला, कुंडीलासुद्धा धक्का नाही. कमाल होती हातात, खोटं कशाला बोलू. संतोष उतरला, नळावर हातपाय धुतले, छातीला लागलेला चीक खरवडून काढला आणि बसस्टँडकडं चालता झाला. पुढं हैदराबादलाच क्रेनवर कामाला लागला. घरी आला नाही. अक्का जाऊन भेटून यायची.

पट्टा दाजींनी घरी आणून बाजेसमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. आल्यागेल्याला दाखवायचे, "आमच्या चिरंजीवाचा करदोडा." अक्का चहा घेऊन यायची तेव्हा तर हटकून. मला त्यांचा तिटकारा यायचा, आणि तरी पुढच्या झाडाला मी त्यांनाच बोलवायचो, कारण त्यांच्यासारखा दुसरा नव्हता.

मग लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या तोंडातून दोनच शब्द साफ यायचे, "हाय का?" दाराकडं बघत दिवसभर तेच. थकून डोळा लागायचा, उघडला की पुन्हा, "हाय का?" डॉक्टरांनी आता काही खरं नाही म्हटल्यावर अक्कानं संतोषला बोलावून घेतलं. तो आला, बाजेशेजारी स्टुलावर बसला. दाजींनी त्याला ओळखलं, हे नक्की. डावा हात चादरीवर सरकत त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. "हाय का?"

संतोष समोरच्या पट्ट्याकडं बघत राहिला.

"अरे, येक शबुद बोल की बाबा त्यांच्याशी," अक्का रडत म्हणाली. मला राहवलं नाही, मी तोंड उघडलं. संतोष माझ्याकडं न बघता म्हणाला, "मामा, तुम्ही बोलू नका. दोर माझ्या हातात हाय." ... बापाचाच आवाज. दाजी विचारत राहिले, आवाज बारीक होत गेला. मला ते बघवेना, मी उठून मुदखेडची वाट धरली. सकाळी फोन आला. म्हणजे रात्रभर त्या खोलीत काय झालं ते मायलेकांनाच विचारता येण्यासारखं होतं, आणि तेराव्यानंतर संतोष हैदराबादला निघून गेला.

परवा चाकूरला गेलो होतो. बाज उभी करून ठेवलीय, खोली झाडलेली. पट्टा तिथंच. नको तो डोळ्यांपुढं म्हणून काढायला हात घातला तर अक्का म्हणाली, "राहू दे." मग मी विचारलंच. "अक्का, पोरानं तोंड उघडलं का शेवटी?" तिनं मान हलवली, नाही. "मग तू तरी म्हणायचीस ना हाव."

"म्हणले की रे दत्ता. पहाटेपस्तोर म्हणत होते," अक्का म्हणाली. "ऐकूनच घेत न्हवते. जल्मात कधी माझ्या हाती दोर दिलावता का तुझ्या दाजीनं?"