चालून दाखवलेलं रान

अठरा वर्षं सुरुंगवाल्याने पोटावर सरपटत भाकरी मिळवली. जुन्या लढाईतले सुरुंग सळईने हळूच टोचून शोधायचे आणि काढायचे. रान साफ झालं की गावकऱ्यांना गोळा करून तो स्वतः त्यावरून आडवातिडवा चालून दाखवायचा. नुसत्या कागदावर कोण विश्वास ठेवतो? ताईच्या गावाबाहेरच्या रानात तर तो ताईलाच घेऊन चालला. तिने भीतीने त्याचं मनगट इतकं आवळलं की वळ उठले, आणि वर गावभर सांगितलं, भाऊच घाबरला होता.

मग वारं फिरलं. ज्या बड्या देशाच्या भरवशावर हा देश निर्धास्त होता, त्याने हात वर केले. नदीपलीकडे फौजा जमल्या आणि सरकार सुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडलं. खात्याच्या साहेबांनी सुरुंगवाल्याला बोलावलं. "तुझ्या ताईच्या गावाबाहेरच्या त्या रानाची तुला खडान्‌खडा माहिती आहे. तूच पेर."

"पाट्या कुठे लावू, साहेब?"

"पलीकडच्यांना वाचता येत नाही असं वाटतं का तुला? बाहेर ब्र काढलास तर गद्दारीचा खटला."

मोजणीच्या नावाखाली रान चार दिवस बंद ठेवलं. त्याने सुरुंग पुरले. साहेबांची नजर चुकवून पायवाट तेवढी मोकळी सोडली, एवढीच त्याची मर्दुमकी. पाचव्या दिवशी तो ताईकडे गेला. 

"रानात पाऊल टाकू नकोस. आणि कुणाला बोलू नकोस, ताई, मी बुडेन."

ताई सडकेने बाजाराला जाऊ लागली, दुखऱ्या गुडघ्यांनी कोसभर वळसा घालून. शेजारची दूधवाली रानाच्या वाटेला लागताना चिडवायची, "या वयात चालायची हौस आली वाटतं." ताई म्हणायची, "डॉक्टरांनी सांगितलंय."

नवव्या दिवशी दूधवालीचं वासरू उधळलं. ती त्याच्यामागे वाट सोडून रानात उतरली. दुपारपर्यंत तिच्यात जीव होता.

सुरुंगवाला भेटायला गेला तेव्हा दूधवालीच्या नवऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "इतक्या वर्षांत एखादा नजरेतून सुटणारच. मनाला लावून घेऊ नकोस, बाबा." सुरुंगवाल्याने मान खाली घातली आणि ती माफी मुकाट्याने घेतली.

ताईच्या घरी तिने त्याला पाणी दिलं. 

"मलाही सांगायला नको होतंस," ती म्हणाली. "रोज माझ्यासमोरून जायची रे ती."