चुना मुरेपर्यंत

निमकर मावशी दिल्लीत दर्यागंजच्या आमच्या घरात पहिल्यांदा आल्या आणि त्यांनी चक्क भिंतीची चव घेतली. नखाने गिलावा खरवडला, बोट जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "खारट आहे. कुणीतरी चुन्यावर सिमेंट थापलंय. ओल आत कोंडलीय. सगळं काढावं लागेल."

मी अविनाशकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. घर त्याच्या आजोबांनी घेतलेलं, तेव्हाही जुनंच होतं. अविनाश आठ महिन्यांनी निवृत्त होणार होता आणि आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्हाला इथंच राहायला यायचं होतं. मला टाइल्स, फॉल्स सीलिंग आणि वेळेत तयार झालेलं स्वयंपाकघर, एवढंच हवं होतं. मावशींची ओळख गणेशोत्सवातली. सरकारी नोकरीत जन्मभर जुन्या इमारतींचे नकाशे काढून त्या निवृत्त झालेल्या. "एकदा नजर टाका," असं मीच म्हणाले होते. ती नजर पुढे दीड वर्ष हलली नाही.

नोएडाहून मेट्रोने सकाळी नऊच्या ठोक्याला त्या हजर. पिशवीत टेप, टॉर्च आणि दहीभाताचा डबा. अंगणातल्या हौदात त्यांनी चुना मुरत घातला.

"किती दिवस लागतील, मावशी?"

"मुरेपर्यंत."

"तारीख सांगा ना काहीतरी."

"तारीख क्वार्टरवाल्यांना असते गं, चुन्याला नसते."

पकड यावी म्हणून त्या चुन्यात मग बेलाचा गर पडला, गूळ पडला. माझ्या स्वयंपाकघराला अजून ओटा नव्हता, पण भिंतींना गूळ मिळत होता. दाराचा रंग काढताना खाली सात थर निघाले, तर सातव्या थराचा हिरवा जुळवायला त्यांनी तीन आठवडे घेतले. मी काही बोलले की त्यांचं ठरलेलं उत्तर, "घाई असेल तर गुरुग्रामला फ्लॅट घे."

मे महिन्यात त्या एका लग्नासाठी नागपूरला गेल्या आणि मी डाव साधला. मिस्त्री रईसभाईंना सांगून मागच्या खोलीला सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर पांढराशुभ्र रंग. आठ दिवसांत खोली तयार. परत आल्यावर मावशींनी त्या भिंतीवरून हात फिरवला. भांडायची माझी पूर्ण तयारी होती.

"शुभा, इथं कोण झोपणार?"

"आई." म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दमा आहे.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

ऑगस्टमध्ये क्वार्टर सोडलं आणि अर्धवट घरात आम्ही राहायला आलो. पंधरा दिवसांत त्या पांढऱ्या भिंतीला फोड आले, खोलीला कुबट वास सुटला आणि आईंची धाप थांबेना. त्यांना पुढच्या खोलीत हलवलं. मावशींनी नाकाला पदर बांधला, रईसभाईंबरोबर स्वतः छिन्नी घेतली आणि माझा गिलावा काढून टाकला. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग उंबरठ्याची वेळ आली. मुख्य दाराला लाल दगडाचा वीतभर उंच उंबरठा होता आणि आई वॉकर घेऊन चालत. यावरून आता महाभारत होणार, हे मी धरून चालले होते. आईंनी वॉकर उचलून पलीकडे ठेवण्याचा प्रयत्न केला, तो मावशींनी एकदाच पाहिला.

"रईस, यह पत्थर निकालो. टूटना नहीं चाहिए."

"अहो, पण तो मूळचा आहे ना?" हे मी म्हणाले. मी!

"आईसुद्धा मूळच्याच आहेत," मावशी म्हणाल्या.

घर पूर्ण झालं आणि मावशींचं येणं थांबलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं म्हणून मी नोएडाला त्यांच्या भाच्याकडे गेले. सतराव्या मजल्यावर चकचकीत टाइल्स, फॉल्स सीलिंग आणि मावशींच्या पलंगामागे विटांचं चित्र असलेला वॉलपेपर. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, मला एक टाइल लावू दिली नाहीत तुम्ही. आणि हे चालतं?"

"भाचेसुनेला आवडतं. घर तिचं आहे." मग माझ्या हातातला कप घेऊन त्यांनी नीट बशीत ठेवला. "आधी सरकारी क्वार्टर, मग हे. घर कसं करू, म्हणून मला तू सोडून कुणी विचारलंच नाही गं."

त्या हिवाळ्यात मावशी गेल्या.

मागच्या आठवड्यात एसी बसवायला माणूस आला. भिंतीत भोक कुठे पाडायचं यावरून मी त्याला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा तो माझ्याशी बोललाच नाही. अविनाशला बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, आप ही समझाइए. मैडम किसी की सुनती नहीं हैं."