प्रकाशच्या हातचं

चार माणसं दर रविवारी एकाच खोलीत बसायला लागली की किस्से आपोआप साचतात. कुणी लिहून ठेवत नाही, तरी एकही हरवत नाही. आमचेही असेच साचले. आज वीस वर्षांनीसुद्धा जुनं कुणी भेटलं की म्हणतं, "ती निळ्या जिभेची गंमत सांग ना राव!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मला मात्र हल्ली पूर्वीसारखं हसू येत नाही.

खोली माझी, जुन्नरला एसटी स्टँडच्या मागे, भाड्याची. मी शाळेत क्लार्क. बाळू साखर कारखान्यात फिटर, पारगावकडचा, घरची बक्कळ बागायत. दत्ता गुरुजींची नोकरी तळेघरला, पण बायकोमुलं जुन्नरात, म्हणून सुट्टीला इकडे. आणि चौथा प्रकाश. मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये बारा वर्षं ग्लास भरायचं काम केलेला. हॉटेल बंद पडलं, गडी गावी आला आणि आमच्याच शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला.

स्वतः थेंबभर प्यायचा नाही. पण दुसऱ्याचा ग्लास भरायचा असा, की बघत राहावं!

*

पहिल्यांदा व्होडका आणली ती बाळूनं, पुण्याहून. आम्हाला वाटलं, पाणी घालायचं आणि प्यायची. प्रकाश म्हणाला, "थांबा की जरा."

त्यानं बाजारातून संत्री, मोसंबी, लिंबं आणली. संत्र्या-मोसंबीचा रस काढून दोनदा गाळला. शाळेतून नवं कोरं मोजपात्र आणलं होतं. मी बघितलं तसा म्हणाला, "काळजी करू नका. अजून ॲसिड शिवलं न्हाई त्याला."

ग्लासात बर्फ. तळाला गुलाबाचं सरबत, लालभडक. त्यावर चमचा उलटा धरून हळूहळू केशरी रस. सगळ्यात वर लिंबू पिळलेली व्होडका. एकात एक न मिसळलेले तीन रंग! गुरुजी तर चष्मा पुसून बघायला लागले.

बाळूनं ग्लास उचलला, बोट घातलं आणि गरागरा ढवळला. सगळं गढूळ!

"बाळूभाऊ, पंधरा मिनिटं गेली माजी त्यात."

"पोटात जाऊन मिसळणारच हाये ना राव!"

आम्ही खूप हसलो. प्रकाशनं दुसरं लिंबू कापायला घेतलं.

*

गुरुजींना एकच चिंता, घरी कळायला नको. व्होडकेला वास नाही, आणि तोंडाला येतो तो संत्र्याचा. बायकोला सांगायचे, "ज्यूस पिऊन आलो." हे चार-सहा महिने चाललं.

एका रविवारी वहिनी म्हणाल्या, "येवढा चांगला असतो, तर मला पण आणा की."

गुरुजी घाबरेघुबरे होऊन माझ्या खोलीवर! प्रकाशनं नुसताच रस काढला, तळाला गुलाब सोडला, वर व्होडकेऐवजी लिंबूपाणी, तेच तीन रंग जमवले आणि बाटली दिली. घरी जाईपर्यंत रंग राहिले नाहीत, पण चव तीच.

वहिनींनी पेलाभर प्यायला. पेला विसळून ठेवला. मग म्हणाल्या, "चांगलाय. पण ह्याच्यात ते न्हाई."

"काय न्हाई?"

"ज्यानं तुमी हसत घरी येता, ते."

गुरुजींनी हे आम्हाला पुढच्या रविवारी सांगितलं, ग्लास हातात घेऊनच.

*

आता निळ्या जिभेची गंमत. बाळूनं कुठल्या तरी लग्नात निळं पेय बघितलं आणि हटूनच बसला. "पक्या, निळं पायजेल!" निळी बाटली जुन्नरात मिळणार कुठं? बाळूनं बेकरीतून केकचा रंग आणला, आणि प्रकाश नको नको म्हणत असताना स्वतःच्या हातानं अर्धी पुडी ओतली.

सोमवारी प्रार्थनेला उभा राहिलो, तर मुख्याध्यापक माझ्याकडेच बघत होते. "तोंड उघडा."

जीभ निळी, दात निळे! मी म्हणालो, "सर, गोळी चघळली होती."

प्रकाश रविवारी माझ्या खोलीवर पेयं करतो, हे त्यांच्या कानावर होतंच. ते सरळ प्रयोगशाळेत गेले. तिथं निळ्या मोरचुदाची बरणी थोडी कमी भरली. मुलांच्या प्रॅक्टिकलला वापरलं होतं, पण वहीत लिहायचं राहिलं होतं. झालं! दुपारी प्रकाशला मेमो. रसायनांचा गैरवापर आणि जीविताला धोका.

मला काहीच नाही.

तो मेमो टाइप कुणी केला? मीच. शाळेत टायपिंग मलाच येत होतं. प्रकाशनं उभ्या उभ्या वाचला, सही केली आणि एवढंच म्हणाला, "एक बी चूक न्हाई टायपिंगमधी."

*

प्रकाशसाठी घोडेगावच्या बाजूला एक स्थळ बघायला गेलो होतो. मुलगी डीएड झालेली, बाप रिटायर पोस्टमन, माणूस सरळ. चहा झाला, पोहे झाले.

"आधी कुठं व्हता?"

प्रकाशनं खरं सांगितलं. "मुंबईला, बारमधी."

"पिता का?"

"न्हाई."

पोस्टमनदादांनी बशी खाली ठेवली. "बारा वर्सं बारमधी काढली आन पीत न्हाई! पीत असता तर म्हनलं असतं, सोडवू आपण. पन खोटं बोलनारा मानूस न्हाई चालायचा, पावणं."

एसटीत मी त्याला म्हणालो, "नुसतं हॉटेलात होतो म्हणायचं ना!" तो खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "पोरीनं आतून बघितलं व्हतं माज्याकडं. तिला खरं वाटलं व्हतं."

*

शेवटचा किस्सा बाळूच्या घरचा. प्रकाश बौद्ध घरातला. आमच्या खोलीत तो विषय कधी निघाला नाही, आणि याचा आम्हाला तिघांनाही भारी अभिमान होता.

बाळूच्या बहिणीचं जमलं. पुण्याचे पावणे रविवारी दुपारी जेवायला येणार होते. बाळूनं घरी फुशारकी मारली, "मुंबईच्या हॉटेलसारखं करतो!" आणि प्रकाशला घेऊन गेला. मी होतोच.

पडवीत टेबल मांडलं. प्रकाशनं सकाळपासून रस काढला. व्होडकेशिवाय वीस ग्लास, तीन-तीन रंग, एक हलला नाही! पावणे खूश. बाळूचे वडील, आबा, यांनी तर दोन संपवून तिसरा घेतला. "काय हात हाये पोराचा!"

उन्हाचा कडाका होता. प्रकाशला तहान लागली. दाराशी जाऊन म्हणाला, "मावशी, पानी द्या जरा."

बाळूच्या आईनं आबांकडे बघितलं. मग तांब्या आणला, पण हातात दिला नाही. म्हणाली, "वंजळ कर." आणि वरून ओतलं.

पडवीत सगळे गप्प. बाळू गप्प. मीही गप्पच, हातात ग्लास धरून.

प्रकाश ओंजळीनं पोटभर प्यायला. तोंड पुसलं. टेबलापाशी आला, रिकामे ग्लास परातीत गोळा केले आणि अंगणातल्या नळाखाली घासायला बसला.

मावशी कळवळून म्हणाली, "अरं राहू दे, बाई हाये ना घासायला!"

"न्हाई मावशी. माजा हात लागलाय समद्यांना."

राखेनं एकेक ग्लास घासून त्यानं उन्हात पालथा घातला. पावण्यांचे झाले, बाळूचा झाला, माझाही झाला. एकोणीस. मग उठला, ओल्या हातानंच पडवीत आला आणि आबांपुढं हात केला. आबांच्या ग्लासात अजून अर्धं शिल्लक होतं.

"आबा, तेवढा तुमचा ऱ्हायलाय."