भाऊबीजेचा पाट

दर भाऊबीजेला आमच्या मंडळातले पुरुष अनाथाश्रमात जातात, तिथल्या मुलींकडून ओवाळून घेतात आणि तबकात फ्रॉक नाहीतर बाहुली ठेवतात. आम्ही बायका फोटो काढतो. यंदा पहिल्या पाटावर आश्रमातलाच एक मुलगा आधीच मांडी घालून बसला होता, डोक्यावर रुमालसुद्धा टाकून. समोर तबक घेऊन उभी होती त्याची सख्खी धाकटी बहीण.

"ऊठ रे, पाहुण्यांचा पाट आहे तो," आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. तो उठला. तिथे एक देणगीदार बसले.

दान करायचं तर समोरच्याकडे काहीतरी कमी असावं लागतं. ते पुरेसं कमी नसलं, की आम्ही आधी थोडं काढून घेतो आणि मग मायेनं भरून देतो.

ओवाळून झाल्यावर ती तबक घेऊन भिंतीशी उभ्या असलेल्या भावाकडे वळली. निरांजन अजून तेवत होतं. बाईंनी तबक काढून घेतलं.

"झालं हं बाळा. चला, आता पुढची मुलगी."

कुणीतरी भावाच्या हातात खेळण्यातली मोटार ठेवली.

"थँक्यू म्हण."

त्यानं आधी डोक्यावरचा रुमाल काढला. मग म्हटलं.